हद्दीबाहेर गेलेले टॅब

माझ्या ओळखपत्रावर ‘जिल्हा समन्वयक’ असं छापलंय. ऐकायला भारी वाटतं. हाताखाली मात्र एक माणूस नाही. आमची कंपनी सरकारी शाळांना कॉम्प्युटर, टॅब आणि भिंतीवरचे मोठाले पडदे पुरवते, आणि ते बंद पडले की मला पाठवते. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या एका टोकाला उकव्याचं जंगल, दुसऱ्या टोकाला गोंदियाचा रस्ता, मधलं सगळं माझ्या मोटरसायकलच्या नशिबी. बायको पाहुण्यांसमोर ‘आमचे हे कंपनीत साहेब हायेत’ म्हणते, आणि पाहुण्यांची पाठ वळली की म्हणते, ‘चला जी साहेब, जरा मिक्सर पाहून घ्या, आवाज करून राह्यला.’

शाळांमध्ये तरी वेगळं काय असतं? कॉम्प्युटरवाला आलाच आहे तर जरा पंखा बघा. मोटर बघा. मोठ्या सरांच्या, म्हणजे हेडमास्तरांच्या, मोबाइलमध्ये नातवाचे फोटो अडकलेत, ते काढून द्या. भरवेलीच्या शाळेत कीबोर्ड उलटा केला की खाणीची काळी भुकटी पडते, तीही मीच झाडायची. उकव्याला लाइन म्हणजे वीज असते तेव्हा नेट नसतं आणि नेट असतं तेव्हा मास्तर बैहरला मीटिंगला गेलेले असतात. दिवसभर हिंदीत बोलायचं, घरी येऊन मराठीत कण्हायचं. पोरगं आपलं हिंदीतच विचारतं, ‘पापा, थक गए क्या?’ हौ बाप्पा, थकलो. कोणत्या भाषेत सांगू?

त्यात मागच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं की अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. समोरून दिवे आले की मला सगळं पांढरं दिसतं. तेव्हापासून मी कुठंही गेलो तरी चारच्या ठोक्याला परत निघतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात ते आडवं आलं.

गोंदियाच्या रस्त्याला राजेगावच्या अलीकडं आत वळलं की नदीकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, शाळा एकच आहे तिथं. नदीपल्याड महाराष्ट्र. गावातल्या अर्ध्या सुना तिकडून आणलेल्या, अर्ध्या पोरी तिकडं दिलेल्या. इथं दोन राज्यांची हद्द आहे हे दारूच्या दुकानदाराला ठाऊक असतं आणि आमच्या कंपनीला. बाकी कोणाला त्याचं काही पडलेलं नाही.

या शाळेत गणिताला एक मॅडम होती. अतिथी शिक्षिका, म्हणजे मोठ्या सरांनी शिफारस केली तर पुढचं सत्र, नाही तर घरी बसा. माहेर बालाघाटचं, सासर गोंदियाचं. रोज सकाळी स्कूटीनं पूल ओलांडून यायची, शाळा सुटली की पूल ओलांडून जायची. टॅबचं काम तिच्याकडं कसं आलं? कोणी घेईना म्हणून. पक्क्या नोकरीतल्या मास्तरांनी सरळ हात झटकले. फुटलं-तुटलं तर कोण निस्तरणार? मग राहिली ती.

आणि तिनं काय काम केलं! जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांत आमचा माल कपाटात झोपलेला असतो. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नसतं, लग्नात आलेल्या डिनर सेटसारखं सगळं जपून ठेवलेलं. या शाळेत मात्र मी गेलो की टॅबच्या काचांवर पोरींच्या बोटांचे डाग असायचे, कुठं तेलाचे, कुठं शाईचे. ती पोरींना त्रिकोण फिरवून दाखवायची, वर्तुळ कापायला लावायची. चुकलं की म्हणायची, ‘पुसा अन पुन्हा करा, याले कागद लागत नाही.’ मी पुसायचा कपडा बॅगेतून काढायचो आणि तसाच परत ठेवायचो. खरं सांगतो, या धंद्यात मला बरं वाटावं असं फार थोडं आहे, त्यात हे होतं.

आता त्या टॅबची एक भानगड सांगायला पाहिजे. प्रत्येकात सिम असतं, आणि ते दिवसातून काही वेळा आपोआप हेड ऑफिसला कळवतं की मी अमुक ठिकाणी आहे. टॅब राज्याच्या हद्दीबाहेर सापडला, आणि सारखा सापडत राहिला, तर तो स्वतःच बंद होतो. पडद्यावर लाल पट्टी येते, बस. चोरानं नेला तरी त्याच्या कामाचा राहू नये, असा विचार. विचार चांगला होता. ऑफिसात बसून केलेले सगळेच विचार चांगले असतात.

दिवाळीनंतर एक दिवस ऑफिसातून फोन आला. पलीकडं नवीन पोरगा होता, बोलायला एकदम गोड. म्हणाला, तुमच्या त्या नदीकाठच्या शाळेतले सगळे टॅब रोज संध्याकाळी गोंदिया जिल्ह्यात जातात आणि सकाळी परत येतात. सकाळी शाळेच्या वेळेला मध्य प्रदेश, शाळा सुटली की महाराष्ट्र. मी म्हटलं, टॅबला पाय फुटले का? तो हसला नाही. त्यानं विचारलं, त्या शाळेतलं कोणी गोंदियात राहतं का?

मी ‘बघून सांगतो’ म्हटलं, पण मी टाळून काय होणार होतं? त्यानं मोठ्या सरांनाही विचारलंच होतं, आणि सरांनी कळवून टाकलं होतं की हौ, आमची गणिताची मॅडम रोज गोंदियाहून येणंजाणं करते, मोठी पिशवीही असते तिच्याजवळ. पिशवीत पोरांच्या वह्या असायच्या. दुसऱ्याच दिवशी मी शाळेत पोचलो. टॅब सगळे जागेवर, आमच्याच जाळीच्या लोखंडी कपाटात, चार्जिंगला लावलेले. एकूण एक लाल पट्टीवाले. मी ऑफिसला फोटो पाठवले. उत्तर आलं की दिवसा असणारच, प्रश्न संध्याकाळचा आहे.

मोठे सर माणूस वाईट नव्हता. दोन वर्षांत रिटायर होणार होता, आणि रिटायर होणाऱ्या माणसाला सगळ्याचीच भीती वाटते. त्याला वाटलं, पेन्शनला आता हे लटकेल. म्हणून त्यानं काय करावं? प्रार्थना झाली, पोरं ओळीत उभी होती, आणि तिथंच त्यानं मॅडमकडं कपाटाची चाबी मागितली. म्हणाला, आजपासून चाबी माझ्याजवळ राहील, वरून आदेश आहे. आदेश कोणी दिला नव्हता. तिनं पर्समधून चाबी काढून दिली आणि पोरांना वर्गात नेलं.

खेड्यात अशी गोष्ट लपते का? पोरांनी घरी सांगितलं, घरच्यांनी बाजारात. मॅडमची चाबी काढून घेतली म्हणजे मॅडमनं काहीतरी केलं. नदीपल्याड पोचायला किती वेळ लागतो? या गावची एक पोरगी तिच्याच सासरच्या गल्लीत दिलेली होती. आठवड्याच्या आत गोंदियात तिच्या घरापर्यंत गोष्ट गेली, आणि वाटेत तिला हातपायही फुटले होते. चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं की मॅडम घरी सरकारी टॅबवर टूशन घेते.

मला वाटलं, चला, चाबी सरांकडं गेली, आता तरी ऑफिसला कळेल. कारण चाबी सरांच्या खिशात आणि टॅब तरी संध्याकाळी गोंदियात, म्हणजे मॅडमचा काही संबंध नाही, इतकं तर कोणालाही कळावं. मी फोन करून तेच सांगितलं. गोड पोरगा म्हणाला, मग तिच्याजवळ डुप्लिकेट चाबी असेल. डोकं धरून बसलो मी. ज्याला मानायचंच नाही त्याच्याजवळ प्रत्येक कुलपाची डुप्लिकेट चाबी असते.

मग त्यानं सांगितलं की तुम्ही तिच्या घरी जाऊन या. सहज गेल्यासारखं जा. टूशनची काही निशाणी दिसते का बघा. मी म्हटलं, मी काय पोलीस आहे का? तो म्हणाला, पोलिसात द्यायचं नाही म्हणूनच तुम्हाला पाठवतोय, सर. या ‘सर’नं मला फार छळलंय. जिथं घाण काम असतं तिथं हे लोक सर म्हणतात.

गेलो. जाणार नव्हतो, पण दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तर तो आणखी कसा वागला असता, असं मनाला सांगितलं आणि रविवारी गोंदियाला गेलो. जाण्याआधी मॅडमला फोन करून खरं काय ते सांगून टाकलं. ती मग म्हणाली, ‘या. जेवणाच्या आधी या.’

घर रेल्वे लाइनच्या कडेला, गल्लीत. सासरे रेल्वेत सिग्नलच्या केबिनवर होते, आता रिटायर. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, अंगात बनियन आणि वरून शर्ट घालत घालतच बाहेर आला. ‘या जी, बसा जी’ झालं. नवरा पुण्याला कुठल्याशा कारखान्यात, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. सासू नव्हती, तिच्या फोटोला हार होता. मी पाणी प्यालो आणि काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तोवर म्हातारा उठलाच.

त्यानं पहिल्यांदा गोदरेजचं कपाट उघडलं. पल्ले पूर्ण उघडे केले, वरच्या खणातल्या साड्या बाहेर काढून पलंगावर ठेवल्या. मी म्हटलं, बाबूजी, कशाला, मी तसं काही… त्यानं हातानं मला थांबवलं. ‘पाहून घ्या साहेब. घरच्या सुनेचा सवाल हाय.’ मग दिवाणाची फळी उचलली. आत रजया होत्या, त्या एक एक करून बाहेर. मग खाली बसून पलंगाखालची पेटी ओढली, तिचं कुलूप काढलं, आतली भांडी जमिनीवर मांडली. गुडघे दुखत होते त्याचे, उठताना पलंगाला धरून उठत होता. स्वयंपाकघरातल्या धान्याच्या कोठीत त्यानं कोपरापर्यंत हात घालून पाहिलं.

मॅडम चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिच्या साड्या पलंगावर पडल्या होत्या, त्यात आतले कपडेही होते. मी मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती एवढंच म्हणाली, ‘मामाजी, राहू द्या न.’ आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात. त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, तो माळ्यावर चढायला स्टूल शोधत होता. मला वाटलं, म्हातारा काय माणूस आहे! सुनेवर बोट आलं तर सगळं घर उलटं करून दाखवतोय. अशा घरात पोरगी दिली तर बापाला झोप येईल. चहा तसाच राहिला, साय आली त्यावर. कसाबसा हात जोडून मी बाहेर पडलो.

परत येताना पुलावर गाडी उभी केली आणि खूप संताप आला. ऑफिसचा, त्या गोड पोराचा, सरांचा, त्या पट्टीचा, माझ्या डोळ्यांचा. ठरवलं की आता डॉक्टर गेला खड्ड्यात. संध्याकाळी त्या कपाटासमोर बसून राहायचं आणि माल कसा जातो ते पाहायचं. रात्री गावातच कुठं तरी पडून राहू. एका म्हाताऱ्यानं माझ्यासाठी कोठीत हात घातला, तर मी एक संध्याकाळ बसू शकत नाही का?

सोमवारी शाळा सुटल्यावर मी सरांना म्हटलं, आज मी इथंच बसणार आणि तुम्हीही बसा. त्यांनी खूप कारणं काढली. घरी पाहुणे, पोटात गॅस, म्हैस. शेवटी बसले. कपाट उघडलं, सगळे टॅब टेबलावर मांडले. पोरी गेल्या, मॅडमची स्कूटी गेली, पोळ्या भाजल्याचा वास यायला लागला. सर खुर्चीत पेंगायला लागले. सूर्य नदीकडं उतरला आणि मग गावाची लाइन गेली.

लाइन गेल्यावर काही वेळानं माझ्या शर्टाच्या खिशात मोबाइल वाजला. काढून पाहिलं तर मोबाइल कंपनीचा मेसेज, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. मी खुर्चीत, खुर्ची शाळेत, शाळा मध्य प्रदेशात. दुसऱ्या मिनिटाला सरांचा फोनही वाजला, त्यांनी न बघताच खिशात परत टाकला. मी विचारलं, सर, हे रोज येतं का? ते म्हणाले, हो, लाइन गेली की आपल्या इकडचा टॉवर बंद पडतो, त्याच्या बॅटऱ्या केव्हाच्या बसल्यात. मग फोन पल्याडचा टॉवर धरतो. सकाळी लाइन आली की पुन्हा आपला. त्यात काय?

त्यात काय! मी उठून बाहेर टपरीवाल्याला विचारलं, तोही म्हणाला, हौ, रोजचंच हाय. अख्ख्या गावाला माहीत होतं की दिवस मावळला की इथले फोन महाराष्ट्रात जातात. फक्त टॅबच्या पोटातही फोनसारखंच सिम असतं, आणि ते जो टॉवर धरेल तिथलंच ठिकाण कळवणार, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी चार वाजता निघून जाणारा माणूस.

तिथूनच ऑफिसला फोन लावला, पल्याडच्याच टॉवरवरून. गोड पोराला म्हटलं, बघ बरं, टॅब आता कुठं आहेत? तो म्हणाला, सर, गोंदिया. मी म्हटलं, ‘बेटा, मैं उनपे हाथ रखके बैठा हूँ।’ त्याला समजेना. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. तेव्हा कुठं तो म्हणाला, ओह. एवढंच, ओह. मग म्हणाला, सर, पोर्टलवर टाका, फोटो जोडा.

टाकलं. फोटो जोडले. पोर्टलनं फोटो मोठा आहे म्हणून परत केला, बारीक करून पुन्हा टाकला. मग सगळं थंड. मधे नाताळ गेला, संक्रांत गेली. बायको विचारायची, ‘झालं का त्या पोरीचं?’ आणि मी म्हणायचो, वर आहे. वर म्हणजे कुठं, ते मलाही माहीत नव्हतं. शेवटी एक दिवस लाल पट्ट्या आपोआप गेल्या. नदीकाठच्या शाळांसाठी नियम ढिला केला म्हणे. मला एका ओळीचा मेल आला की प्रकरण बंद. मॅडमचं नाव त्यात कुठं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की आम्ही कोणावर आरोप केलाच नव्हता, तर माफी कशाची?

सरांच्या मात्र मी मागेच लागलो. म्हटलं, चाबी ज्यांच्यासमोर घेतली त्यांच्यासमोरच द्या. शिफारशीचा कागदही त्याच आठवड्यात सही करा. ते कुरकुरले, पण केलं. प्रार्थनेनंतर घसा खाकरून म्हणाले की मशीनचा दोष होता, मॅडमचा नव्हता, टाळ्या वाजवा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनं चाबी घेतली. त्याच तासाला तिनं टॅब वाटले आणि जिथं राहिलं होतं तिथून, वर्तुळापासून, शिकवायला घेतलं. मी मागच्या बाकावर बसून पाहत होतो. मला वाटलं, संपलं बाबा एकदाचं. असं कधी कधीच होतं, की आपण काही नीट करतो आणि ते नीट होतं.

तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली. आभार मानेल असं वाटलं होतं, मानलेही. मग म्हणाली, ‘भाऊ, एक काम करान का? घरी येऊन मामाजींले तुम्ही सांगा. मी सांगतलं, पण माह्या सांगण्यानं नाही होत.’

मी म्हटलं, अवं, त्यांना काय सांगायचं? तो देवमाणूस तुझ्या बाजूनंच उभा होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. ती वह्यांचा गठ्ठा पिशवीत घालत राहिली. मग म्हणाली, ‘तरी पण या.’

तसा पुन्हा गोंदियाला गेलो. या खेपेला छाती काढून गेलो, खरं सांगायचं तर. म्हातारा दारातच खुर्ची टाकून बसला होता. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. लाइन कशी जाते, टॉवर कसा बंद पडतो, टॅब जागेवरच असतो आणि नोंद कशी पल्याडची होते. त्यानं दोनदा सांगायला लावलं. रेल्वेचा माणूस, लगेच ताळा जमवला त्यानं. म्हणाला, ‘म्हणजे गाडी आपल्याच फलाटावर उभी, पण बोर्ड दुसऱ्या स्टेशनाचा वाचून राह्यले तुमचे लोक.’ मी म्हटलं, अगदी तसंच.

मॅडम चहा घेऊन आली. त्यानं ट्रेकडं पाहत म्हटलं, ‘ऐकलं का बाई, साहेब काय म्हणून राह्यले?’ ती म्हणाली, ‘हौ मामाजी.’ कप ठेवले आणि आत गेली. आतून कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बारीक केल्याचा आवाज आला. मी वाट पाहत होतो की दोघांपैकी कोणीतरी हसेल, निदान हुश्श करेल. म्हातारा बशीत चहा ओतत बसला.

निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला. मी गाडीवर बसलो, किक मारणार, तर त्यानं हँडलवर हात ठेवला. घराकडं एकदा वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

‘त्या दिवशी तुम्हाले वाटलं असंन, का मी तुमच्यासाठी कपाटं उघडली.’

मी म्हटलं, हो, मग?

‘मलेच पाहाचं होतं जी.’

मला पहिल्यांदा नीट समजलंच नाही. तो हँडलच्या रबराशी चाळा करत होता. गल्लीतल्या पोरीनं येऊन त्याला सांगितलं होतं म्हणे, आणि त्या दिवसापासून त्याच्या मनात किडा होता. दुपारी ती शाळेत असली की तो एकेक खण पाहायचा. पूर्ण पाहता यायचं नाही, सगळं पुन्हा तसंच लावता येईल की नाही याची भीती. मी आलो तेव्हा त्याला बरं वाटलं, कारण आता उघडपणे पाहता येत होतं.

‘तुमी गेल्यावर तिच्या स्कूटीची डिक्की पाहाची राह्यली होती,’ तो म्हणाला. ‘ती आंगोळीले गेली असंन असं वाटलं मले. गेलो, तर ते उघडेना. मी ओढून राह्यलो होतो. तर मागून तिनं चाबी आणून देली. हातात देली माह्या अन आत गेली. तवापासून एक शब्द नाही त्याच्यावर.’

मी काहीतरी म्हणालो, की होतं असं, आता सगळं साफ झालं ना, तिला कळलं ना तुम्हाला खरं समजलं ते. बोलता बोलता माझं मलाच ते पोर्टलवरच्या उत्तरासारखं वाटलं. त्यानं मान हलवली. हँडल सोडलं, मग पुन्हा धरलं.

‘अजून बी पयलं ताट ती मलेच वाढते, साहेब,’ तो म्हणाला. ‘गरम पोळी टाकते, अन मी खाईस्तोवर उभी राह्यते.’